झेड सर्वांत शेवटी: जुना सिम्बियन नोकिया पुन्हा चालू करताना

सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या जुन्या नोकिया फोनमध्ये फाइल शोधण्याची एक पक्की रीत आहे. ॲपने फक्त फोल्डर आणि फाइलचं नाव सांगितलं, ड्राइव्ह सांगितला नाही, तर सिस्टिम आधी लिहिता येणारे ड्राइव्ह धुंडाळते आणि झेड नावाच्या ड्राइव्हकडे सर्वांत शेवटी जाते. एवढी एक गोष्ट नीट समजली की या सेटांचं बरंचसं वागणं उलगडतं. रिसेट केल्यावर काय जातं आणि काय राहतं, कार्डावर फॉन्ट टाकला की सगळे मेनू कसे बदलतात, २००४ मध्ये एका फाइलने लोकांच्या फोनवरचे सगळे आयकॉन कवट्या कसे करून टाकले, या सगळ्यांच्या मुळाशी तीच रीत आहे.

ड्राइव्ह चार. झेड म्हणजे कारखान्यातून आलेलं फर्मवेअर, फोनचं मूळ सॉफ्टवेअर. ते फक्त वाचता येतं. सी म्हणजे फोनची आतली मेमरी, तिथे कॉन्टॅक्ट, मेसेज आणि सेटिंग. डी हा रॅममधला तात्पुरता ड्राइव्ह, फोन बंद झाला की रिकामा. आणि ई म्हणजे मेमरी कार्ड. फोनच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये फक्त सी आणि ई दिसतात, म्हणून पुष्कळांना झेड आहे हेच माहीत नसतं.

ही रचना नोकियाची नाही. ती सायन नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या ईपॉक सिस्टिमची आहे. १९९७ चा सायन सिरीज ५ हा खिशातला कॉम्प्युटर साधारण १८ मेगाहर्ट्झच्या एआरएम प्रोसेसरवर, ४ किंवा ८ एमबी रॅमवर आणि दोन पेन्सिल सेलवर चालायचा. १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन कंपनी काढली आणि ईपॉक फोनमध्ये आणलं. २००१ चा ९२१० कम्युनिकेटर, मग २००२ चा ७६५०. नोकियाचा कॅमेरा असलेला पहिला फोन तो हाच, आणि एस६० या नावाने पुढे जे घराणं वाढलं त्याचा पहिला सेटही हाच. प्रोसेसर १०४ मेगाहर्ट्झ, स्क्रीन १७६ गुणिले २०८. रॅम आणि साठवण दोन्ही ४ एमबीच्या घरात, आणि कार्डाला जागाच नाही. अशा यंत्रावर कॅमेरा, ब्लूटूथ, ईमेल आणि बाहेरची ॲप एकाच वेळी चालवायची म्हणजे प्रत्येक बाइट मोजूनच वापरावा लागतो. पुढे ज्या अडचणी सांगितल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा या काटकसरीतूनच आलेल्या आहेत.

आधी वीज, मग सिम

वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटची बॅटरी चार्जरला लावण्याआधी बाहेर काढून पाहा. सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. गरगर फिरली तर ती मधोमध फुगलेली आहे. ती वापरायची नाही, टोचायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. फुगलेली नसेल तर मल्टिमीटरने कडेच्या अधिक आणि उणे टोकांमधलं व्होल्टेज मोजा. ३ व्होल्टच्या वर असेल तर चार्ज करून बघायला हरकत नाही. अडीचच्या खाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नका. आतलं तांबं विरघळून पुन्हा चुकीच्या जागी जमतं आणि बॅटरी आतून शॉर्ट होऊ शकते. बीएल-५सी या नोकियाच्या बॅटरीवर जे तिसरं टोक असतं, त्याच्या मागे एक रेझिस्टर आहे. त्यावरून फोन बॅटरीचा प्रकार ओळखतो. ते टोक काळवंडलं असेल तर बॅटरी भरलेली असूनही फोन चार्जिंग घेत नाही. साध्या खोडरबराने टोकं घासली तरी पुष्कळदा काम होतं.

६६०० आणि एन७० दोन्हींना बीएल-५सी लागते. ती आजही मिळते, कारण साधे फोन आणि छोटे एफएम स्पीकर तीच वापरतात. एन९५ ला बीएल-५एफ, एन७३ ला बीपी-६एम, ई७१ ला बीपी-४एल. या शेवटच्या तीन शोधाव्या लागतात, आणि बाजारात मिळतात त्यांच्यावर छापलेल्या क्षमतेवर फार विश्वास ठेवू नये. चार्जरचं म्हणाल तर ७६५० आणि ६६०० ला जाड पिन, एन७० पासून पुढे बारीक पिन. जाड पिनचा चार्जर घरात असेल तर सीए-४४ नावाचा छोटा जोड लावून तो बारीक पिनेला चालतो. ई७१ ला मायक्रो यूएसबीचं तोंड दिसतं, पण त्यातून चार्जिंग होत नाही. ते फक्त डेटासाठी आहे. चार्जर चालत नाही म्हणून फोन टाकून देण्याआधी एवढं बघा.

या सेटांत मोठं सिम बसतं. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये घालून सरकवलं तर काढताना ते अडॅप्टरमधून निसटून स्लॉटच्या पिना उचकटतं. अडॅप्टरच्या मागच्या बाजूला पातळ चिकटपट्टी लावूनच घाला. नेटवर्कचं गणित सोपं आहे. जिओचं जाळं ४जी आणि त्यापुढचं, त्यामुळे ते सिम इथे चालणारच नाही. एअरटेल, व्ही आणि बीएसएनएलचं २जी जिथे आहे तिथे कॉल आणि मेसेज होतात. एन९५ च्या मेनूत ३जी दिसलं तरी एअरटेलने ते बंद केलेलं आहे. सेटिंगमध्ये नेटवर्क मोड 'जीएसएम' करून ठेवा, नाहीतर फोन नसलेलं ३जी सतत शोधत राहतो आणि बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही.

रिसेटच्या आधी आतलं बाहेर काढा

फोन चालू झाला की आधी *#००००# दाबा. फर्मवेअरची आवृत्ती, तारीख आणि मॉडेलचा कोड दिसतो. ६६०० असेल तर एनएचएल-१०, एन७० ला आरएम-८४, एन७३ ला आरएम-१३३, एन९५ ला आरएम-१५९. पुढे कुठलंही ॲप किंवा फर्मवेअर शोधायचं तर सेटच्या नावापेक्षा हा कोड महत्त्वाचा.

मग कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्ट उघडून ऑप्शन्समध्ये 'मार्क ऑल', मग 'कॉपी', मग 'टू मेमरी कार्ड'. कार्डावर 'अदर्स' नावाच्या फोल्डरात 'कॉन्टॅक्ट्स' तयार होतं आणि त्यात माणशी एक व्हीकार्ड फाइल पडते. त्या फाइली कॉम्प्युटरवर एकाखाली एक जोडून एकच फाइल केली की आजचा अँड्रॉइड फोन ती एका दमात घेतो. यात एक खोच आहे. व्हीकार्डची ही जुनी आवृत्ती देवनागरी नाव जसंच्या तसं लिहीत नाही. प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट बरोबरचं चिन्ह (=) आणि दोन अंक-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे नुसतं 'आई' लिहायला अठरा चिन्हं. नाव लांब असेल तर ओळ मधेच तुटते आणि तुटलेल्या ओळीच्या शेवटी एक एकटं बरोबर-चिन्ह उरतं. कुणी तो कचरा समजून पुसला की पुढचं अर्धं नाव आणि कधीकधी नंबरही गायब. ती फाइल कितीही विचित्र दिसली तरी हाताने साफ करू नका.

फोटो एस६० च्या तिसऱ्या आवृत्तीच्या सेटांत, म्हणजे एन७३, एन९५ किंवा ई७१ मध्ये, सी वर 'डेटा' फोल्डरातल्या 'इमेजेस'मध्ये आणि कार्डावर थेट 'इमेजेस'मध्ये असतात. ६६०० ला यूएसबी नाही. ब्लूटूथ किंवा इन्फ्रारेडनेच काढावे लागतात, एकेक करून का होईना. कुणाकडे नोकियाच्या जुन्या पीसी सूट या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने घेतलेला बॅकअप असेल, शेवटी एनबीयू असलेली फाइल, तर एनबीयू एक्सप्लोरर नावाचं फुकट ॲप ती विंडोजवर फोनशिवाय उघडतं. मेसेजसकट.

कार्डांचा घोळ मात्र खरा आहे. ६६०० ला पूर्ण आकाराचं एमएमसी लागतं. ते १.४ मिलिमीटर जाड असतं. दिसायला तसंच असणारं एसडी कार्ड २.१ मिलिमीटरचं, ते आत जातच नाही, आणि जोर केला तर स्लॉट मोडतो. एन७० ला अर्ध्या उंचीचं आरएस-एमएमसी लागतं, तेही दुहेरी व्होल्टेजचं. फोन कार्डाला १.८ व्होल्ट देतो आणि फक्त ३ व्होल्टवर चालणारं कार्ड त्याला दिसतच नाही. एन७३ ला मिनी एसडी. मायक्रो एसडी त्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये घालून चालतं. एन९५ आणि ई७१ ला सरळ मायक्रो एसडी.

कार्डाला पासवर्ड लावून तो विसरलेले पुष्कळ असतात. दुसऱ्या आवृत्तीच्या सेटांत, म्हणजे ६६०० किंवा एन७० मध्ये, तो पासवर्ड सी ड्राइव्हच्या 'सिस्टिम' फोल्डरात 'एमएमसीस्टोअर' नावाच्या फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो. एफएक्सप्लोररसारख्या फाइल मॅनेजरने ती फाइल कॉम्प्युटरवर पाठवा आणि नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक अक्षरानंतर एक रिकामी जागा दिसेल, कारण अक्षरं दोन-दोन बाइटची आहेत. त्या जागा सोडून वाचलं की पासवर्ड मिळतो. फोन एकदा फॉरमॅट केला की ही फाइल जाते. म्हणूनच हे रिसेटच्या आधी. तिसऱ्या आवृत्तीपासून ती फाइल बंद फोल्डरात गेली. तिथे साध्या फाइल मॅनेजरचा हात पोहोचत नाही.

रिसेट म्हणजे नक्की काय पुसलं जातं

*#७७८०# ने फक्त सेटिंग मूळपदावर येतात, डेटा राहतो. *#७३७०# ने सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो. दोन्ही लॉक कोड मागतात. कुणी बदलला नसेल तर तो १२३४५. फोन सुरूच होत नसेल, पांढऱ्या स्क्रीनवर किंवा नोकियाच्या हातांच्या चित्रावर अडकत असेल, तर तीन बटणांची रीत: फोन बंद, मग हिरवं बटण, स्टार आणि ३ ही तिन्ही एकत्र दाबून ठेवून पॉवर दाबायचं. 'फॉरमॅटिंग' अक्षरं दिसेपर्यंत एकही बोट उचलायचं नाही. बॅटरी भरलेली हवी. काही मिनिटं लागतात.

यात झेडला धक्का लागत नाही. फॉरमॅट मधेच तुटला, बॅटरी निसटली, तरी सिस्टिम झेडमध्ये शाबूत असते आणि तीच कृती पुन्हा करता येते. फोन खरोखर मरतो तो फर्मवेअर फ्लॅश करताना, म्हणजे नव्याने भरताना, कारण तेवढ्याच वेळी झेड लिहिला जात असतो. यामुळे 'हँग होतोय' एवढ्यासाठी सॉफ्टवेअर मारायला नेणं मला कधीच पटलेलं नाही. दहातली बहुतेक दुखणी सी वरची असतात.

रिसेटनंतर एक गोष्ट लोकांना चकवते. कार्डावर टाकलेली ॲप कार्डावर तशीच दिसतात, पण चालत नाहीत. तिसऱ्या आवृत्तीपासून कार्डावरच्या प्रत्येक चालणाऱ्या फाइलचा ठसा, म्हणजे हॅश, फोन सी वर ठेवतो आणि ॲप उघडताना जुळवून बघतो. सी पुसला की ठसे गेले. कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी हेच. ॲप पुन्हा इन्स्टॉल करण्याला पर्याय नाही.

कवट्या, आणि त्यानंतर आलेली कुलपं

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्कल्स' नावाची फाइल पसरली. ती इन्स्टॉल केली की फोनवरच्या सगळ्या ॲपचे आयकॉन कवट्या व्हायचे आणि कॉल सोडून काही चालायचं नाही. तिने झेडमधलं काहीही बदललं नव्हतं. ते शक्यच नव्हतं. तिने फक्त कॅमेरा, मेसेज, ब्राउझर अशा फोनच्या ॲपांच्याच नावाच्या बनावट फाइली त्याच फोल्डरांच्या नावांनी सी वर टाकल्या. सिस्टिम मेसेज उघडायला गेली की तिला सी वरची बनावट फाइल आधी सापडायची, आणि झेडवरच्या खऱ्या फाइलपर्यंत शोध पोहोचायचाच नाही. उपायही त्यातच होता: सी वरच्या त्या फाइली पुसा, खालची खरी ॲप आपोआप वर येतात. अडचण इतकीच की फाइल मॅनेजरही झाकला गेलेला असायचा, म्हणून शेवटी फॉरमॅट.

त्याच वर्षी जूनमध्ये आलेला 'कॅबिर' वेगळा होता. मोबाइलवर पसरणारा तो पहिला वर्म, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर स्वतःची प्रत पाठवणारा प्रोग्राम. ब्लूटूथ उघडं असलेल्या जवळच्या फोनला तो 'कॅरिब' नावाची फाइल पाठवत राही. घेणाऱ्याने होकार दिल्याशिवाय ती आत येत नसे, पण नकार दिला तरी विनंती पुन्हा पुन्हा यायची आणि वैतागून लोक 'येस' दाबायचे. फोन सुरू होताना आपोआप चालू होण्यासाठी त्याने रेकग्नायझरची जागा वापरली. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारे हे छोटे प्लगइन सिस्टिम सुरुवातीलाच स्वतःहून उचलते. त्यात एक आपलं टाकलं की झालं. ब्लूटूथ 'हिडन' ठेवणं हा त्यावरचा साधा आणि पुरेसा बचाव होता.

या दोन्हींचं उत्तर म्हणजे सिम्बियन ९.१, अर्थात एस६० ची तिसरी आवृत्ती. २००६ मध्ये ती ३२५०, एन८० आणि एन७३ मधून आली. तिने तीन गोष्टी केल्या. चालणारा प्रत्येक प्रोग्राम फक्त 'सिस' फोल्डरातल्या 'बिन'मध्येच राहील आणि तिथे इन्स्टॉलरशिवाय कुणी लिहू शकणार नाही. प्रत्येक ॲपचा खासगी फोल्डर दुसऱ्याला उघडणार नाही. आणि फोनच्या ताकदीचे २० परवाने पाडले. ज्या ॲपकडे जो परवाना आहे तेवढंच त्याला करता येईल. सोबत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाही नवीन आला आणि चालणाऱ्या फाइलींची घडणही बदलली, त्यामुळे ६६०० किंवा एन७० चं एकही सिम्बियन ॲप एन७३ वर चालत नाही. जुन्या आवृत्तीची फाइल नव्या सेटवर टाकून 'फाइल करप्ट' म्हणतो म्हणून डोकं धरू नका. ती करप्ट नाही, पिढी वेगळी आहे. जावा ॲप मात्र दोन्हीकडे चालतात.

आता 'सर्टिफिकेट एरर'. २० परवान्यांपैकी सहाच असे आहेत जे फोनचा मालक स्वतः देऊ शकतो: नेटवर्क, ब्लूटूथसारख्या जवळच्या सेवा, माझा डेटा वाचणं, तो लिहिणं, कॅमेरा-माइकचा वापर, आणि ठिकाण. एवढंच मागणाऱ्या ॲपवर बनवणाऱ्याने स्वतःच डिजिटल सही, म्हणजे सर्टिफिकेट, लावलं तरी ते बसतं. बाकीच्यांसाठी ॲप तपासून सही देणाऱ्या सिम्बियन साइन्ड या व्यवस्थेची, काहींसाठी तर थेट नोकियाची परवानगी लागायची. नोकियाच्या स्टोअरने १ जानेवारी २०१४ पासून नवीन सिम्बियन ॲप घेणं थांबवलं आणि सही देणारी ती व्यवस्थाही आज उरलेली नाही. म्हणून फोन काय म्हणतो ते शब्द नीट वाचा, कारण प्रत्येक वाक्याचं कारण वेगळं आहे.

'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' म्हणजे फक्त तारखेचा प्रश्न. सही तपासली जाते ती इन्स्टॉल करताना, चालवताना नाही. फोनची तारीख ॲप निघालं त्या सुमाराची करा, समजा २००८ किंवा २००९, इन्स्टॉल करा आणि तारीख परत आजची करा. ॲप चालत राहतं. नुसतं 'सर्टिफिकेट एरर, ॲप्लिकेशन सप्लायरशी संपर्क करा' आलं तर आधी ॲप मॅनेजर उघडा, ऑप्शन्स, सेटिंग्ज, आणि 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन' हे 'ऑल' करा. शिवाय 'ऑनलाइन सर्टिफिकेट चेक' बंद ठेवा. तो चालू असेल तर फोन इंटरनेटवर सहीची चौकशी करत बसतो. तरीही तेच आलं तर फाइलवर सहीच नाही. 'कन्स्ट्रेन्ड बाय सर्टिफिकेट' म्हणजे सही आहे, पण ती दुसऱ्या फोनच्या आयएमईआयला, म्हणजे ओळख क्रमांकाला, बांधलेली आहे किंवा ॲप सहीपेक्षा जास्त परवाने मागतंय. डेव्हलपर सर्टिफिकेट याच कारणासाठी *#०६# चा आकडा घेऊन दिलं जायचं. आणि 'कंपोनंट इज बिल्ट इन' म्हणजे त्याच ओळख क्रमांकाचं पॅकेज झेडमध्ये आधीच आहे आणि ते झाकायला इन्स्टॉलर तयार नाही. कवट्यांचा रस्ता बंद केला तो इथे.

पण मूळ रीत बदललेली नव्हती. पुढे लोकांनी एका पळवाटेतून बदललेला इन्स्टॉलर सी वरच्या 'सिस-बिन'मध्ये बसवला. झेडमधला खरा इन्स्टॉलर झाकला गेला आणि बदललेला कुणालाही, काहीही इन्स्टॉल करू द्यायला लागला. हॅक केलेला नोकिया म्हणायचे तो हाच, आणि *#७३७०# केलं की हॅक जातो तो सी पुसला जातो म्हणूनच. आज सिम नसलेल्या, जुन्या फाइली बघण्यापुरत्या सेटवर हे करायला हरकत नाही. ज्यात सिम आणि कॉन्टॅक्ट आहेत, त्यात करू नये. कुलूप तोडलं की ते सगळ्यांसाठीच तुटतं.

देवनागरी का फुटायची

हीच रीत मराठी वाचणाऱ्यांच्या कामाची ठरली. तिसऱ्या आवृत्तीत फॉन्ट झेडवरच्या 'रिसोर्स' फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मध्ये असतात. कार्ड कॉम्प्युटरला लावून त्यावर त्याच नावाचे फोल्डर करायचे आणि हव्या त्या फॉन्टला फोनच्या मूळ फॉन्टच्या फाइलचं नाव देऊन त्यात टाकायचा. फोन बंद करून चालू केला की झेडच्या आधी कार्डावरचा सापडतो आणि मेनूपासून मेसेजपर्यंत सगळीकडे तोच दिसतो. फॉन्ट बिघडलेला निघाला आणि फोन अर्ध्यावर अडकला तर घाबरायचं कारण नाही: बॅटरी काढा, कार्ड काढा, फोन चालू करा. देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं एकाच फाइलमध्ये असलेला फॉन्टच घ्या. नाहीतर मराठी दिसेल आणि इंग्रजी मेनूचे चौकोन होतील.

मात्र फॉन्ट म्हणजे फक्त अक्षरांची चित्रं. कुठलं चित्र कुठे बसवायचं हे ठरवणारा भाग वेगळा, आणि तो फर्मवेअरमध्ये असावा लागतो. ज्या सेटच्या भाषांच्या यादीत हिंदी होती तिथे जोडाक्षरं जुळायची. जिथे नव्हती तिथे नुसता फॉन्ट टाकला की चौकोन जायचे आणि त्यांच्या जागी फुटकी अक्षरं यायची: 'स्थिती'तला स पाय मोडून उभा, थ वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या आधी न येता थ च्या मागून. युनिकोडमध्ये वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर. तिला पुढे आणून बसवणं हे त्या दुसऱ्या भागाचं काम. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्त्यांतही अगदी हीच उणीव होती. फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमचं कुलूप काढून, तिचा फॉन्ट बदलला तरी वेलांटी चुकीच्याच बाजूला बसायची. ४.० च्या सुमारास हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा भाग आला तेव्हा ती जागेवर आली.

यातून सुटायचा त्या काळातला सर्वांत शहाणा मार्ग होता ओपेरा मिनी हा ब्राउझर. पत्त्याच्या जागी ओपेरा, कोलन, कॉन्फिग असं टाइप करायचं. पुढे आधीच आलेलं एचटीटीपी पुसून. उघडलेल्या पानाच्या तळाशी 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी ओळ असायची. तिथे 'येस' करून 'सेव्ह'. ओपेरा मिनीची पानं आधी कंपनीच्या सर्व्हरवर तयार होऊन मग फोनकडे येत. ही सेटिंग लावली की देवनागरी मजकूर तिकडेच जुळवून त्याची चित्रं पाठवली जात, आणि फोनला ना फॉन्ट लागे ना जुळवणारा भाग. बदल्यात पान जड व्हायचं आणि मजकूर कॉपी करता यायचा नाही. पण मराठी ब्लॉग आणि वर्तमानपत्रं हातातल्या फोनवर स्वच्छ दिसायची. दहा सेकंदांच्या या सेटिंगने मराठी वाचनाचं जे काम केलं, ते पुढच्या कित्येक महागड्या सेटांनी केलं नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

मेसेजचा हिशोबही याच्या शेजारचाच. रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि मोठा मेसेज तुकड्यांत गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' डोळ्याला चार अक्षरं, फोनला दहा.

आज या फोनच्या ब्राउझरवर बहुतेक साइट उघडत नाहीत. त्यांची सुरक्षित जोडणी टीएलएस १.० पर्यंतच येते आणि सध्याच्या साइट १.२ च्या खाली बोलत नाहीत. तारीख बदलून किंवा सर्टिफिकेट टाकून हे सुटणारं नाही.

'मेमरी फुल' कुठली

'मेमरी फुल'चे अर्थ दोन. सी भरला असेल तर मेसेज आणि फोटो कार्डावर हलवा. रॅम भरली असेल तर मेनूचं बटण दाबून धरा, चालू असलेल्या ॲपांची यादी येते. नको त्यावर जाऊन सी लिहिलेलं खोडायचं बटण दाबलं की ते बंद होतं. लाल बटणाने बरीच ॲप फक्त मागे जातात, बंद होत नाहीत.

एन९५ मध्ये हा त्रास जास्त का, याचं कारण झेडमध्येच आहे. सुरुवातीच्या सेटांतल्या फ्लॅशमधून प्रोग्राम जागच्या जागी चालवता यायचा, रॅममध्ये आणावा लागत नसे. पुढे स्वस्त आणि मोठी नँड फ्लॅश आली. तिच्यातून प्रोग्राम थेट चालत नाही. म्हणून फोन सुरू होतानाच फर्मवेअरचा मोठा भाग रॅममध्ये उतरवला जायचा. एन९५ ला रॅम ६४ एमबी, आणि सगळं उतरल्यावर हातात उरायची साधारण २०. ब्राउझर उघडा ठेवून कॅमेरा चालू केला की ब्राउझर बंद पडायचा तो यामुळे. व्हर्जन २० च्या फर्मवेअरने डिमांड पेजिंग आणलं: ४ केबीची पानं लागतील तेव्हाच उचलायची. तोच फोन, तीच रॅम, आणि एकदम मोकळा. *#००००# वर २० च्या खालचा आकडा दिसत असेल, तर या एकाच कारणासाठी फर्मवेअर बदलण्याची जोखीम घेण्यासारखी आहे.

ॲप अचानक बंद होऊन 'ॲप क्लोज्ड' एवढंच दिसत असेल तर फोनकडून कारण काढून घेता येतं. 'एररआरडी' या नावाची, रोमनमध्ये ErrRd अशी लिहिलेली, रिकामी फाइल सी वरच्या 'रिसोर्स' फोल्डरात ठेवली की पुढच्या वेळी कोडही दिसतो. दुसऱ्या आवृत्तीत तीच फाइल 'सिस्टिम'मधल्या 'बूटडेटा'त. सर्वांत जास्त दिसणारा कोड 'कर्न-एक्झेक ३': प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी हाताळली, किंवा त्याचा स्टॅक, म्हणजे चालू कामापुरती दिलेली तात्पुरती जागा, संपला. सिम्बियनमध्ये स्टॅक मुळात ८ केबीचा. फाइलचा पूर्ण पत्ता ठेवायला जो तयार प्रकार दिलेला होता, तो २५६ अक्षरांचा, म्हणजे ५०० बाइटांहून जास्त. एकातून दुसरं फंक्शन असं करत पंधरा-सोळा असे पत्ते स्टॅकवर जमले की खेळ खलास. विंडोजवरच्या एमुलेटरमध्ये, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, हा दोष लपून राहू शकायचा, आणि खऱ्या फोनवर पहिल्याच दिवशी ॲप पडायचं. 'यूझर ११' आला तर मजकूर त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेपेक्षा लांब निघाला. इंग्रजी लेबल मोजून जागा ठेवलेल्या ॲपमध्ये लांब नाव भरलं की हा हमखास यायचा. मालकाने करण्यासारखं इतकंच, की त्या ॲपमध्ये नाव छोटं ठेवायचं.

काम झाल्यावर फोन पुन्हा ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली असताना काढून वेगळी ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून नको. पुढच्या वेळी चालू केल्यावर घड्याळ चुकलेलं असेल. एखादं ॲप टाकायला घेण्याआधी तारीख बघा.